वानेरीचा सोमवार

आधीच सांगून टाकते, नाहीतर ऐकणारे अर्ध्यावरच डोळे ओले करून बसतात. गाभण राहत नव्हती ती गाय, मी नाही. माझी दोन लेकरं तेव्हा अंगणात मातीत लोळत होती. तेव्हा सुनेचं आणि गाईचं एकच नशीब वगैरे काही शोधू नका. ही गोष्ट गाईची आहे, सोमवारची आहे आणि माझ्या सासऱ्यांची आहे. त्यांना मी मामा म्हणायची.

माझं माहेर राजेश्वरच्या बाजूला आणि सासर आळंदपासून दोन कोसांवर, दोन्ही कर्नाटकातच. लग्नात वडिलांनी भांडी कमी दिली आणि आंदण म्हणून कालवड दिली. देवणी जातीची, अंग पांढरं धोप, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. असल्या रंगाच्या जनावराला आमच्याकडं वानेरी म्हणतात, म्हणून तिचं नावही तेच पडलं. मी सासरी बैलगाडीतून आले आणि ती मागून माझ्या भावाबरोबर चालत आली. दाराशी पोचल्यावर तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर सासऱ्यांचं वाळत घातलेलं धोतर चावून ठेवलं. मामा हसले आणि म्हणाले, "सून गरीब दिसती, पर ही तिखट हाय." दोन्ही अंदाज चुकले. गाय गरीब निघाली.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. मी लग्न होऊन येण्याच्या बरंच आधी सगळ्या वस्तीनं धम्म घेतला होता. मामांनी तर घरातले देव स्वतःच्या हातानं ओढ्यात सोडले होते. उपास नाही, नवस नाही, अंगात येणं नाही. कुणी अंगारा द्यायला लागलं तर मामा सरळ म्हणत, "आमाला नको, आमी त्यातनं सुटलोय." ते असं म्हणाले की मला फार बरं वाटायचं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, आणि माझे मालक सोलापूरला गिरणीत. त्यामुळं घरात मी, मामा, लेकरं आणि वानेरी, एवढाच कारभार.

मामा सालगडी होते. म्हणजे गावातल्या एका शेतकऱ्याकडं वर्षाच्या बोलीनं राबायचे. त्याचे बैल, त्याचं रान, आणि मामांचे हात. सरकारनं वस्तीतल्या काही घरांना गायरानातली जमीन दिली, त्यात मामांनाही तीन एकर मिळाली. जमीन मिळाली, पण बैल कुठले? पाऊस पडून वापसा आला, म्हणजे रान पेरायजोगं झालं, की पहिली पेरणी धन्याची, आणि ती मामांनीच करायची. मग गावातल्या बाकीच्यांची. सगळ्यांची झाल्यावर कुणाला दया आली तर आम्हाला जोडी मिळायची. तोवर रानातली ओल उडून जायची. धन्याच्या रानात मामा तूर छातीएवढी वाढवून दाखवत, आणि आमच्या रानात तीच तूर गुडघ्याला येत नसे. मामा बांधावर उभे राहून दोन्हीकडं बघत. त्या दिवशी जेवताना एक भाकरी कमी खात.

म्हणून त्या कालवडीवर सगळी आस. मामांनी मला एकदा स्पष्ट सांगितलं होतं, "हिला दोन गोऱ्हे झाले, घरची जोडी झाली, की मी साल सोडतो. मग आपल्या रानाचा आपणच धनी." मामांचा गुडघा तेव्हाच दुखायला लागला होता. किती वर्षं उरली आहेत, ते त्यांना कळत होतं आणि मलाही.

वानेरी वयात आली आणि माजावर यायला लागली. चारा सोडून द्यायची, शेपटी एका अंगाला करायची, आणि हंबरून वस्ती डोक्यावर घ्यायची. मागून काचेसारखा चिकट बळस गळायचा. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. गावात वळू एकच. देवळाला सोडलेला, उंच, मानेखाली कातडीची ही एवढी पोळी लोंबणारा देवणी. त्याला सांभाळणारे एक म्हातारे अण्णा होते, कपाळाला विभूती, बोलणं निम्मं कन्नड निम्मं मराठी. वळू सगळ्या गावाच्या गाईंचा, पण आमच्या गाईचा नंबर मात्र नेहमी शेवटी. गाय चिंचेखाली बांधून मामा वाट बघत बसायचे. याचा मला राग यायचा आणि आजही येतो. अण्णांचा मात्र कधी आला नाही. लोक निघून गेले की ते स्वतः येऊन वानेरीच्या पाठीवरून हात फिरवायचे.

तर झालं असं, की वळू लावूनही वानेरी उलटायची. उलटायची म्हणजे तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर यायची. एकदा, दोनदा, चारदा, सहादा. अण्णा म्हणत, "हिचं मन न्हाई. वळूला जवळ येऊ देत न्हाई, लाथा झाडती." लोक म्हणाले, गाय भाकडच निघाली. कुणी मीठ चारायला सांगितलं, कुणी मोड आलेली मटकी. मी दोन्ही चारलं. वानेरी चवीनं खाऊन पुन्हा वेळेवर हंबरायला लागली. अंगानं मात्र अशी चकचकीत झाली की बाजारात उभी केली असती तर खाटकानं दोन्ही हातांनी उचलली असती.

आणि तेच ठरलं. वर्ष होऊन गेलं होतं. एका संध्याकाळी मामा म्हणाले, "येत्या बाजाराला न्यायची. कडबा खाऊन नुसती उभी हाय. हिच्याऐवजी एखादा म्हातारा बैल मिळतोय का बघतो." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. आंदणाची गाय, माझ्या बापानं दिलेली. मी भांडले असते तर त्यांनी ऐकलं असतं, हे मला माहीत होतं. पण भांडू कोणत्या तोंडानं? मी गोठ्यात गेले आणि वानेरीच्या गळ्याशी कपाळ टेकून रडले. तिनं माझा पदर चघळला.

बाजाराला तीन दिवस उरले होते. सकाळी मी भाकरी थापत होते आणि वानेरी हंबरायला लागली. मामा ओसरीवर दोरी वळत होते. मी चिडलेच होते, म्हणून चेष्टेनं म्हणाले, "मामा, तुमचं तोंड बघितलं की हिला हंबरायला येतंय. तुमी घरी न्हसता तवा बरी गप असती."

बोलले आणि माझा हात परातीतच थांबला. खरंच की. मागच्या खेपेला ती हंबरली तेव्हा मामा बाजेचं सुंभ आवळत होते. त्याच्या आधीच्या वेळी धाकट्याचे केस कापत होते. त्याच्या आधी छपराला पाचट घालत होते. ही सगळी घरची कामं, आणि मामा घरची कामं एकाच दिवशी करायचे. सोमवारी.

आमच्या भागात सोमवार नंदीचा. त्या दिवशी कुणी बैल जुंपत नाही. औत नाही, गाडी नाही. बैल बसला म्हणून सालगडीही बसला. सकाळी धन्याचा गोठा झाडून मामा मोकळे होत. मी पिठाच्या हातानंच बोटं मोजली. गाय एकवीस दिवसांनी माजावर येते. एकवीस म्हणजे तीन आठवडे, ना एक दिवस कमी ना जास्त. एकदा सोमवार धरला की पुढचाही सोमवार, त्याच्या पुढचाही सोमवार. आणि सोमवारी वळूही बसलेला! अण्णा त्या दिवशी त्याला सोडत नसत. म्हणून आम्ही दर वेळी मंगळवारी उन्हं वर आल्यावर गाय नेत होतो. तोवर तिचा माज ओसरून गेलेला असायचा. ती लाथा झाडणार नाही तर काय करेल? गाय भाकड नव्हती, आम्हीच दर खेपेला एक दिवस उशिरा जात होतो. वर्षभर गोठ्यात रोज शेण काढणाऱ्या मला हे कळू नये, याची मला एवढी लाज वाटली की सांगता येत नाही.

भाकरी तव्यावर तशीच टाकून मी अण्णांकडं गेले. बाईमाणूस अशा कामाला जात नाही, पण त्या दिवशी मला कशाचं भान नव्हतं. मी वार मोजून दाखवले. अण्णांनी डोळे मिटून पुन्हा स्वतः मोजले, कन्नडमध्ये.

"अक्का, तू म्हणतीस ते खरं हाय," ते म्हणाले. "वर्षभर मी बी बघायलोय आणि माझ्या ध्यानात आलं न्हाई. पर मी ह्याला आज सोडू शकत न्हाई. माझ्या बापानं सोमवार पाळला, मी पाळायलोय."

मी परत फिरले. पाठीमागून त्यांनी हाक मारली. "आळंदच्या सरकारी दवाखान्यात सुई देऊन गाय फळवायलेत. तिथं सोमवारची सुट्टी न्हाई. माझा सोमवार मला मोडवत न्हाई, तुमचा तुमच्या हातात हाय."

देवळाचा वळू सांभाळणारा माणूस मला दवाखान्याची वाट दाखवत होता. गाय दुसरीकडं गेली तर त्यांचाच मान कमी होणार होता. तरी त्यांनी सांगितलं. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही.

घरी येऊन मामांना म्हणाले, "उठा, आळंदला जायचंय." मामांनी सगळं ऐकून घेतलं, दोरीला पीळ घातला, आणि म्हणाले, "आज न्हाई. सोमवारी जनावर दोन कोस चालवायचं न्हाई."

मला इतका संताप आला. "मामा, देव तर ओढ्यात सोडलात. मग त्यांचा सोमवार कामून ठेवलात घरात?"

असं मी त्यांना आधी कधी बोलले नव्हते. मामांनी दोरी खाली ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "पोरी, देवाचा म्हणून न्हाई ठेवला. मी नऊ वर्साचा असताना साल धरलंय. आजारी पडलो तरी कुणी बस म्हणलं न्हाई. पर बैलाला बस म्हणत्यात ना, त्याच्यासंगं मला बी बसायला मिळतंय. आठवड्यात तेवढा एकच दिस माझा हाय. त्यो बी मोडू म्हणतीस?"

मी सुनेची सगळी कामं करत होते, त्यांच्या गुडघ्याला तेल लावत होते, आणि सोमवारचा अर्थ मला ठाऊक नव्हता. मी चुलीपाशी जाऊन बसले. भाकरी जळून गेली होती.

थोड्या वेळानं गोठ्यातून दाव्याची गाठ सोडल्याचा आवाज आला. मामांनी डोक्याला पटका बांधला होता. "भाकरी बांध," ते म्हणाले, "आणि जळकी बांधू नको."

धाकट्याला कडेवर घेतलं, थोरल्याला शेजारणीकडं ठेवलं, आणि आम्ही निघालो. भर उन्हाची वेळ. वेशीत बसलेल्यांनी विचारलं, सोमवारी गाय कुठं? मामा म्हणाले, "तिला इचारा." गुडघ्यामुळं ते प्रत्येक पावलाला जरा कलायचे. मी दावं मागत होते, पण त्यांनी माझ्या हातात दिलं नाही.

दवाखान्यातले डॉक्टर म्हैसूरकडचे, मराठी जेमतेम. मामांनी त्यांच्याशी आपलं दख्खनी सुरू केलं. "साब, इसकू सोमवार की बिमारी है." डॉक्टर गोंधळले, मग मी बोटं मोजून दाखवल्यावर खो खो हसले. म्हणाले, सकाळी माज दिसला तर संध्याकाळी सुई, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तुम्ही बरोबर वेळेला आलात. मग त्यांनी विचारलं, जर्सीचं देऊ का, दूध भरपूर होईल. मामा घाबरून दोन पावलं पुढं झाले. "नक्को साब. वशिंडवाला होना. बैल होना." जर्सीच्या बैलाला वशिंड नसतं, मग जू कशावर ठेवायचं? डॉक्टरांनी देवणीचं दिलं. वानेरी एवढी शांत उभी राहिली, की वर्षभर लाथा झाडणारी हीच का, असं वाटावं. सगळं मिळून एखादं पान खायला लागतो तेवढा वेळ लागला. मामा म्हणाले, "झालं? एवढंच?" त्यांना फसवल्यासारखं वाटलं होतं.

वानेरीला बाजारात न्यायचं मामांनी पुढं ढकललं, फक्त तीन आठवडे. ते तीन आठवडे कसे गेले ते मला विचारा. एकविसाव्या दिवशी, म्हणजे सोमवारीच, मामा पहाटेपासून गोठ्यात बाज टाकून बसले. मी मुद्दाम आत गेले नाही. परसात उगीचच भांडी घासत राहिले, घासलेलीच पुन्हा घासली. दुपार झाली, उन्हं कलली. वानेरी हंबरली नाही. दिवसभर गुळी, म्हणजे तुरीचा भुसा, खात आणि रवंथ करत राहिली. दिवेलागणीला मामा बाहेर आले आणि म्हणाले, "च्या कर. गोड कर."

पुढच्या एकविसाव्या दिवशी पुन्हा तसेच बसले. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी हात घालून बघितलं आणि मान डोलावली. खाटकाचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही. नऊ महिने नऊ दिवस भरले, आणि एका सकाळी मी अंगण सारवत असताना वानेरी उठबस करायला लागली. पाणमोट दिसली, फुटली, दोन खूर पुढं आले. मामांनी धोतराचा काष्टा खोचला आणि कळ येईल तसतसं हळूहळू ओढत गेले. वासरू भुईवर आलं. वानेरीनं चाटायला सुरुवात केली. मामांनी त्याच्या मागच्या पायात बघितलं, आणि मग तिथंच गोठ्यात, ओल्या शेणात, मटकन बसले. "गोऱ्हा हाय," ते म्हणाले. तेव्हा मात्र ते रडले, आणि मीही. चिकाचा पहिला खरवस मी अण्णांच्या घरी नेऊन दिला. आमच्या वस्तीतलं काही त्या घरात याआधी गेलं नव्हतं. अण्णांनी दारातच उभं राहून खाल्ला, माझ्यासमोर. वाटी त्यांच्या बायकोनं धुऊन परत दिली.

वानेरीचा पुढचा माज शुक्रवारी आला. गंमतच की नाही? वळू मोकळा होता, अण्णा हसत होते, आणि पहिल्या खेपेतच काम झालं. दुसराही गोऱ्हाच झाला. जुळून आलं खरं, नाही म्हणत नाही. त्यानंतर सगळ्या कालवडीच झाल्या, पण आम्हाला हवे होते ते दोन मिळाले होते. थोरला जरा उंच, धाकटा जरा बुटका, त्यामुळं जोडी थोडी वर-खाली दिसायची. लोक नावं ठेवायचे. मामा म्हणत, "माझे बी दोन्ही पाय सारखे न्हाईत."

धाकटा औताला धरायजोगा झाला, त्या वर्षी मामांनी साल सोडलं. पेरणीला वापसा आला त्या सकाळी आमच्या रानात आमची तिफण गावात सगळ्यांच्या आधी उभी होती. तुरी त्या वर्षी माझ्या खांद्याला लागल्या. मी मुद्दाम त्यांच्यात उभी राहून बघितलं.

घरचे बैल झाले तरी सोमवारी मामा त्यांना जुंपत नसत. मी पुन्हा कधी त्यावरून बोलले नाही. पण मला सांगायचंय ते दुसऱ्याच एका दिवसाबद्दल. पीक वर आलं होतं आणि कोळपणी चालू होती. मी दुपारची भाकरी घेऊन रानात गेले, तर औत मध्येच सोडलेलं, बैल सावलीत चरताहेत, आणि मामा लिंबाखाली पाय पसरून बसलेले. अर्धं रान तसंच पडलं होतं. असं कधी झालं नव्हतं. मी धावतच गेले आणि त्यांच्या कपाळाला हात लावला.

"मामा, ताप हाय का? गुडघा दुखायलाय का?"

"न्हाई."

"मग असं कामून बसलाव?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर हसू होतं.

"आज बुधवार हाय," ते म्हणाले. "बुधवारी बसून कसं वाटतंय, ते बघायलोय."

मी भाकरीचं फडकं सोडलं आणि त्यांच्या शेजारी बसले.